रविवारचा चमचा

"एवढं बारीक कशाला चिरतोयस? शेवटी खिम्यातच जायचंय ना ते?" ताई म्हणाली.

धाकट्याने मान वर केली नाही. गाजराचा तुकडा शर्टाच्या बटणापेक्षा मोठा होता कामा नये, असा या घरातला नियम होता, आणि तो दादाने केलेला होता. दादा शिंपी. मोठा तुकडा दिसला की तो सुरीच्या टोकाने बाजूला सारायचा आणि शिलाई उसवलेला कपडा परत आणावा तसं तोंड करून म्हणायचा, "हे जरा परत करून द्या."

"दादाला बारीक लागतं," धाकटा म्हणाला.

ताईने ते 'लागतं' तसंच सोडून दिलं. एरवी ती कुणाची चूक सोडणारी नव्हे.

दादाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले होते. मंगळवारी दुपारी, दुकानात, मशीनसमोर बसल्या बसल्या. गळ्यात टेप तशीच होती. शेजारच्या घड्याळवाल्याला वाटलं, डुलकी लागलीय. त्या भल्या माणसाने तासभर उठवलंसुद्धा नाही. दोघं भाऊ बिनलग्नाचे, तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत चाळीस वर्षं एकत्र राहिलेले. दादा सत्तरीला टेकलेला, धाकटा अठ्ठावन्नचा. ताई मधली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि महिन्यातून एकदा येऊन दोघांना फैलावर घ्यायची.

आज मात्र ती रिकामी बॅग घेऊन आली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाला दोनच खुर्च्या होत्या, आणि ती बॅग तिने आल्या आल्या दादाच्या खुर्चीवर ठेवली होती. फोनवर सगळं ठरलेलं होतं. तिच्याकडची मागची खोली रंगवून तयार होती. धाकट्याने आयुष्यात चहा-अंडी सोडून काही एकट्याने शिजवलेलं नव्हतं. एकोणीस दिवस तो पाव आणि उकडलेल्या अंड्यांवर होता. ताई म्हणाली होती, "असा उपाशी मरायला ठेवणार नाही मी तुला." त्यावर तो म्हणाला, "रविवारचा सॉस मी करून बघतो." ताई म्हणाली, "कर. मी जेवायलाच येते. धड केलंस तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर निमूटपणे बॅग भरायची."

म्हणून हा सगळा घाट.

तसं पाहिलं तर या घरात दुसरं काही शिजायचंच नाही. दादा तरुणपणी दोन वर्षं मालवाहू जहाजावर होता. तिथला खानसामा इटलीचा. त्याच्याकडून दादा एवढी एकच गोष्ट शिकून आला: मांसाचा दाट सॉस, तीन तास मंद आचेवर. दर रविवारी किलोभर खिम्याचा करायचा, दुपारी पास्त्यावर घालून खायचा, उरलेला डब्यांत भरून आठवडाभर पुरवायचा. सोमवारी पावाबरोबर, मंगळवारी बटाट्याबरोबर, बुधवारी पुन्हा पास्त्यावर. शनिवारपर्यंत दोघांनाही त्याचा वीट आलेला असायचा आणि रविवारी सकाळी दोघंही तोच करायला उभे.

कामाची वाटणी पक्की होती. चिरणं, परतणं, ढवळणं धाकट्याकडे. चव दादाकडे. धाकटा लिफ्ट दुरुस्त करणारा. चौतीस वर्षं मोटारींना कान लावून त्याचा कान तयार झालेला. दुसऱ्या खोलीत बसूनही त्याला पातेल्यातली आच कळायची. जिभेचा मात्र आनंद होता. "तुझी जीभ ग्रीसने बुळबुळीत झालीय. मिठाला हात लावशील तर खबरदार," दादा म्हणायचा. म्हणून तीन तास झाले की धाकट्याने हाक मारायची, "दादा, मीठ बघ रे," आणि दादाने बाहेरच्या खोलीतून चपला फटकारत यायचं, लांब दांड्याच्या चमच्याने चाखायचं, चिमटीने मीठ टाकायचं, पुन्हा चाखायचं, आणि चमचा शेगडीशेजारच्या बशीत ठेवून द्यायचा. तसाच, खरकटा.

त्या चमच्यावरून चाळीस वर्षं भांडण होतं. "धू तो चमचा." "पुढच्या रविवारी धुतो." आणि खरोखरच तो पुढच्या रविवारीच धुतला जायचा, त्याआधी नाही. एवढ्या टापटिपीच्या माणसाची ही एकच घाण सवय. तिच्यापुढे धाकट्याने कधीच हात टेकले होते.

कांदा, गाजर आणि सेलरीचे देठ तेलात मऊ झाले. त्याने खिमा टाकला. पाणी सुटलं, आटलं, आणि आवाज बदलला. भिजल्यासारखा होता तो कोरडा, चरचरीत झाला. त्याने खिमा आणखी थोडा तांबूस होऊ दिला आणि पेलाभर लाल वाइन ओतली. पातेल्यातून वाफेचा लोट उठला.

"वास छान सुटलाय," ताई म्हणाली.

त्याला वास येत नव्हता. एकोणीस दिवसांत त्याला कशाचाच वास आलेला नव्हता. चहात साखर घातली की नाही, हे पिऊनही कळत नव्हतं. तो रडला नव्हता. दादाच्या दुकानाची किल्ली मालकाला देताना, कपडे बांधताना, कामावरच्या माणसांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा, कधीच नाही. त्यानंतरच्या सोमवारपासून कामावर जात होता, लिफ्टचे पट्टे बदलत होता, बटणं बसवत होता. आत काही हलत नव्हतं. आपण दगड आहोत की काय, असं त्याला वाटायचं, आणि त्या विचाराचीही धड भीती वाटत नव्हती.

टोमॅटोचे दोन डबे, एक तमालपत्र, चीजच्या वडीवरचं कडक साल. उकळी आली तशी त्याने आच अगदी बारीक केली आणि कान दिला. बुडबुडा, थांबा, बुडबुडा. बरोबर.

"आता?"

"आता तीन तास."

"तीन तास!" ताईने पदर खोचला. तिला रिकामं बसणं माहीत नव्हतं. तिने खिडकी पुसली, कपाटातले डबे काढून पुन्हा लावले, लावता लावता गाऱ्हाण्यांचा पाढा वाचला: पडद्यांचा रंग, नळाची गळती, दोन पुरुषांच्या घरात असते तशी एकूण अवकळा. तो दर दहा मिनिटांनी ढवळत होता. तिने मध्येच विचारलं, "तुला तो करपलेला सॉस आठवतो?"

आठवत होता. एका रविवारी कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत डॉक्टरीणबाई, आणि धाकट्याला आहे तसं पळावं लागलं. दादाला आच कळत नसे. परत येईपर्यंत तळ कोळसा. ताई त्या दिवशी जेवायला होती. दादाने नेहमीप्रमाणे चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "मीठ बरोबर आहे." तिघांनी तो सॉस संपवला होता.

ताई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवलं नाही. "मला फार आठवण येते रे त्याची," ती म्हणाली. "तुला?"

"माहीत नाही," तो म्हणाला. ते खरं होतं.

तो दूध घालायला पातेल्याकडे वळला. शेवटच्या तासाला थोडं दूध घालायचं असतं, आणि ते हळू ओतावं लागतं, नाहीतर फाटतं. त्याचं सगळं लक्ष त्या धारेकडे होतं. मागे नळ सुटल्याचा आवाज आला, मग घासणीचा. तारेच्या काथ्याची खरखर. ताईचं पुटपुटणं: "हा कधीचा पडलाय कोण जाणे, वाळून खडखडीत झालाय."

तो वळला तेव्हा चमचा धुऊन झाला होता. लांब दांड्याचा तो चमचा ताईने फडक्याने पुसला आणि जाळीत उभा केला. बशीही धुतलेली. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारचा लाल डाग आत्तापर्यंत चमच्यावर सुकून बसला होता. कडेला, जिथे दादाचे ओठ लागायचे तिथे, पातळ होता. धाकटा रोज त्या बशीच्या शेजारीच चहा ठेवत असे. तिला धक्का लागू नये म्हणून जपत असे.

 दूध ओतून झालं होतं. त्याने ढवळलं.

तास गेला. ताई बाहेरच्या खोलीत दादाचे कपडे पाहत बसली होती. सॉस दाट झाला, तेल कडेला आलं, बुडबुड्यांचा आवाज जड झाला. लिफ्टची मोटार वरच्या मजल्याला पोचताना मंदावते तसा. झालं होतं. हाताने पातेलं शेगडीवरून उतरवलं आणि तोंडाने, चाळीस वर्षांच्या सवयीने, हाक मारली.

"दादा, मीठ बघ रे!"

बाहेरच्या खोलीत काही हललं नाही. मग चपला वाजल्या, पण त्या ताईच्या होत्या. ती दारात आली. हातात दादाने अर्धवट शिवलेला, बाह्या नसलेला कोट होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग जाळीतल्या चमच्याकडे. 

"तो चमचा दादाचा होता?"

"हो."

"त्या रविवारचा?"

"हो."

"मी धुतला रे." ती म्हणाली. "बोलला का नाहीस? मी... मला काय माहीत!"

"चमचा धुवायचाच असतो, ताई," तो म्हणाला. "मीच सांगायचो त्याला रोज."

त्याने जाळीतला चमचा घेतला. चाळीस वर्षांत त्याने तो कधी तोंडाला लावला नव्हता. पातेल्यात बुडवला, फुंकर घातली, चाखला. काहीच नाही. ऊन, दाट, एवढंच. ताई दारातच उभी होती. दोघांनाही ठाऊक होतं, ती कशाची वाट पाहतेय. त्याने पुन्हा चाखलं. डोळे मिटले. गाजर थोडं गोड होतं. टोमॅटो आंबट. आणि त्यांच्या मागे एक जागा मोकळी होती.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

त्याने बरणीतून चिमूट घेतली, टाकली, ढवळलं, चाखलं. आणखी अर्धी चिमूट. पुन्हा चाखलं. तेव्हा आपल्याला दादा हवा आहे, आत्ता, या क्षणी, हे त्याला एकोणीस दिवसांत पहिल्यांदा स्वच्छ कळलं. रडू तरीही आलं नाही. त्याने चमचा शेगडीशेजारच्या बशीत ठेवला.

ताई पुढे झाली. तिचा हात सवयीने चमच्याकडे गेला.

"असू दे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी धुतो."

ताईने हात मागे घेतला. त्याने पास्ता उकळायला टाकला आणि दोन ताटल्या मांडल्या. तिने दादाच्या खुर्चीवरची रिकामी बॅग उचलून दाराशी ठेवली, आणि त्या खुर्चीवर बसली.