दुर्रीला एक्का म्हणू नका

मी किलवरची दुर्री बोलतेय. मुरडलंत ना नाक? मला सवय आहे. बावन्न पानांत मी सगळ्यात खालची. हातात आले की माणसाचा चेहरा पडतो. पण आज मला झोंबतंय ते वेगळंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या छापखान्यातला. चव्वेचाळीस साली एका गोऱ्या शिपायाच्या खिशातून मी नगरच्या कॅम्पात उतरले. तिथल्या मेसमध्ये इब्राहिम स्वयंपाकी होता. शिपायाची बदली झाली तेव्हा त्यानं पत्त्यांचा अख्खा कॅट इब्राहिमला देऊन टाकला, आणि इब्राहिमनं गोऱ्यांचा पोकर नावाचा खेळ काष्टीच्या बैलबाजारात आणला. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग मधे सगळ्यांसाठी तीन उघडी, मग एक, मग आणखी एक. दर वेळी चिंचोक्यांची बोली. बोली झेपत नसेल त्यानं आपली पानं टाकायची, शेवटी ज्याची पानं भारी त्याचे चिंचोके, आणि सारख्या दोन पानांची जोडी सुट्या एक्क्यालाही भारी.

इब्राहिम रेल्वेनं कॅम्पात परतताना आम्हाला आपल्या मेहुण्याकडे, सत्तार नालबंदाकडे ठेवून जायचा. सत्तारच्या खिळ्यांच्या पिशवीत आमचं बिऱ्हाड. बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली बसून तो बैलांना नाल ठोकायचा. मोठ्या मुळाला दोर अडकवून बैल पाडायला तशी जागा साऱ्या बाजारात दुसरी नव्हती. त्याचा बापही तिथंच बसायचा.

आणि नेमकी तीच जागा सूर्यभान दलालाच्या डोळ्यांत भरली होती. त्याला तिथं आपले बैल बांधायचे होते.

हा सूर्यभान खेळायचा कसा, ते ऐका. झाकल्या पानांवरच दणक्यात बोली चढवायचा. मधली तीन पानं उघडली की ती त्याच्या कामाची असोत नसोत, लगेच दुसरी बोली, पहिलीपेक्षा मोठी. समोरच्याची गाळण! बिचाऱ्या सत्तारला वाटायचं, एवढं ओरडतोय म्हणजे हातात असणारच काहीतरी. तो पानं टाकायचा. किती वेळा मी चांगली जोडी जमवून बसले होते आणि या भल्या माणसानं मला पालथी फेकली! मला तोंड असतं तर तिथंच बोंब ठोकली असती.

एका बाजारी सूर्यभान हसत म्हणाला, "सत्तारभाई, चिंचोके काय लावतोस? म्होरच्या बाजारी चिंचेखालची जागा लाव. बाजार उठताना ज्याचा ढीग मोठा, त्याची जागा."

"आन् तुमी हरला तर?"

"तर जागा तुझी."

म्हणजे सत्तारनं आपलंच लावायचं आणि आपलंच जिंकायचं! याला काय म्हणावं? पण चारचौघांत इरेला पेटून सत्तार "व्हय" म्हणून बसला. घरी त्याच्या बायकोनं, सरवरीनं, दोन दिवस त्याच्याशी शब्द काढला नाही.

पुढच्या बाजारी सकाळीच गोजरबाई बैल घ्यायला आली. बैलांचा सौदा उपरण्याखाली होतो. दलाल गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव सांगतो आणि बाहेरच्याला ओ की ठो कळत नाही. पण परक्या बाईचा हात उपरण्याखाली कसा घेणार? गोजरबाई ठणकावून म्हणाली, "त्वांडानं बोला."

झालं! सूर्यभानचा धंदा पहिल्यांदाच उघड्यावर आला. शेजारीच सत्तार एका बैलाच्या खुराशी वाकला होता, आणि मी पिशवीत.

"दीडशे," सूर्यभान म्हणाला. बाईनं बैलाचे दात पाहिले. "एकशे साठ! मागं दुसरं गिऱ्हाईक उभं हाय." बाईनं शेपूट पाहिलं, पण जागची हलली नाही. तिसऱ्यांदा सूर्यभान बोललाच नाही. काठीनं माती उकरत राहिला. तेव्हा बाई म्हणाली, "एकशे तीस. द्यायचा आसंल तर द्या." आणि त्यानं दिला.

सत्तारचा हातोडा हातातच राहिला. तो स्वतःशी पुटपुटला, "ह्याचा दम दोन बोलींचा हाय."

बाजार उठायला आला तेव्हा सत्तारचा ढीग लहान होता. इब्राहिमनं शेवटच्या डावाची पानं वाटली. सत्तारला आले मी आणि बदामची नव्वी. सूर्यभाननं बोली चढवली. मधे इस्पिकची राणी, किलवरची पंजी आणि माझी बहीण, चौकटची दुर्री. सूर्यभान गरजला, "वीस!" मी डोळे मिटले. आता फेकणार मला.

नाही फेकलं. त्यानं माझ्यावर अंगठा घट्ट दाबला आणि वीस चिंचोके मधे सरकवले.

चौथं पान आलं, बदामचा गुलाम. सूर्यभाननं खाली पाहिलं, बोटानं माती उकरली. "बोली ऱ्हाऊ दे, म्होरलं पान बघू."

"बघू की," सत्तार म्हणाला, "पन आदी ह्ये घ्या." आणि उरलेले सगळे चिंचोके लोटले.

सूर्यभान लालबुंद झाला. "नालबंद मला शिकिवतो व्हय? घे, माजेबी तेवढेच! दाखिव!"

पाचवं पान आलं, चौकटची अठ्ठी. सूर्यभानची पानं उघडली तर एक्का आणि राजा, नुसतेच, जोडी कशाशीच नाही. सत्तारनं मला हलकेच उताणं ठेवलं. दुर्रीची जोडी! मधले सगळे चिंचोके सत्तारकडे आले आणि त्याचा ढीग मोठा झाला.

"दुर्रीवर? बापाची जागा दुर्रीवर लावलीस?"

"दुर्रीवर न्हाई, तुमच्या दोन बोलींच्या दमावर," सत्तार म्हणाला.

संतापानं सूर्यभाननं मला उचललं आणि मधोमध फाडलं. माझा काय गुन्हा होता हो? खोटं त्यानं बोलायचं आणि फाटायचं मी! एक तुकडा वाऱ्यावर गेला. दुसरा सत्तारनं शोधून, पुसून, नालेच्या खिळ्यानं चिंचेला ठोकला. सरवरी मुद्दाम बघायला आली आणि त्या पैजेनंतर पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून मी इथंच आहे. खाली सत्तारचा हातोडा चालतो. उन्हानं रंग विटला, त्याचं दुःख नाही. पण माझी दोन किलवरं दोन तुकड्यांत गेली, राहिलं एकच, आणि कोपऱ्यातला आकडा खिळ्याच्या डोक्याखाली झाकला. येणारेजाणारे थांबतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "एक्का होता म्हणून वाचला गडी."

अहो, एक्का त्या सूर्यभानच्या हातात होता! तो खिळा जरा बाजूला सारा आणि आकडा वाचा. ही जागा दुर्रीनं राखली आहे.