कोंडीबाचा पट्टा

कोंडीबानं खुणेचा दगड दोन्ही हातांनी कवटाळला आणि सगळा जोर लावून हलवला. दगड जागचा हलेना. ‘खाली केबल आहे, खोदू नये’ असं पिवळ्या रंगात लिहिलेला तो गुडघाभर उंच सिमेंटचा दगड त्यानं स्वतःच बसवला होता, भोवती मुरूम ठोकून, पाणी मारून. आपल्याच कामाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

रविवार होता. वार त्यानं मुद्दाम निवडला होता. बँक बंद, शाळा बंद, तालुक्याची कचेरी बंद. दवाखाना मात्र रविवारीही उघडा असतो, हे मनात आलं की तो क्षणभर हात सोडायचा. मग तो दगडाला आणखी एक हिसडा द्यायचा.

वडूज ते मायणी रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून एक केबल जाते. केसासारख्या काचेच्या तंतूंची. गावोगावचे मोबाइलचे टॉवर, बँका, कचेऱ्या सगळं तिच्यावर चालतं. खोदताना कुणी ती तोडू नये म्हणून रोज त्या वाटेनं चालायचं, एवढंच कोंडीबाचं काम. घराणं मेंढपाळांचं. वाटणीची मेंढरं भावांच्या हवाली करून तो या कामाला लागला, त्याला वीसेक वर्षं होत आली. “चालायचंच हाय, तर रातच्याला घरी तरी यीन,” असं तो तेव्हा बायकोला, बनाबाईला म्हणाला होता.

काम त्यानं डोळ्यांत तेल घालून केलं. या मुलखात नारळ फोडल्याशिवाय कुदळ चालत नाही, हे त्यानं पहिल्याच वर्षी हेरलं होतं. विहीर असो, पाण्याची पाइपलाइन असो, नाहीतर पुढाऱ्याच्या नावाची कमान असो. म्हणून तो रोज सकाळी वडूजच्या नारळवाल्याच्या टपरीवर अर्धा कप चहा घ्यायचा आणि कुणी कुठल्या कामाला नारळ नेला, ते विचारून घ्यायचा. पूजेला कोंडीबा हजर. पूजा निवांत होऊ द्यायची, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचा आणि मग म्हणायचं, “दोन हात पल्याड खांदा. खालनं लाईन गेलीया.” लोक त्याची थट्टा करायचे, पण दोन हात पलीकडं खणायचे. हे ऑफिसात कळवावं, असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही. केबल तुटली तर फोन करायचा, असं त्याला सांगितलं होतं. तुटलीच नाही, तर कळवायचं काय?

पंधरा दिवसांपूर्वी पलूसच्या ऑफिसात सगळ्या राखणदारांना बोलावलं होतं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली अंकिता नावाची मुलगी कंपनीसाठी संशोधन करत होती. सगळं जाळं आता नवं होणार होतं, आणि कुठं माणूस ठेवायचा, कुठं यंत्रावर भागवायचं, हे ती ठरवून देणार होती. तिनं भिंतीवर नकाशा दाखवला. जिथं केबल वरचेवर तुटते, तिथं लाल रेघ. बाकी हिरवी. कोंडीबाचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार.

“कोंडीबाकाकांच्या पट्ट्यात कित्येक वर्षांत एकही फॉल्ट नाही,” ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

येताना त्यानं पेढे आणले. बनाबाईनं ते देवापुढं ठेवले आणि मग आळीत वाटले. पेढे संपतात न संपतात तोच सुपरवायझर लालासाहेबांचा फोन आला. हिरव्या पट्ट्यांवरची माणसं पुढच्या महिन्यापासून बंद.

“मग मला लाल पट्ट्यावर घ्या की, सायेब.”

“तिथं मोटारसायकलवाली पोरं घेतायत, कोंडीबा. माझ्या हातात काय नाही रे.”

तो पुन्हा पलूसला गेला. अंकिता जिना उतरत होती, तिथंच त्यानं तिला गाठलं.

“म्याडम, म्या वाचीवल्यालं कुठं लिवलंय?”

“म्हणजे?”

“जिथं तुटायची हुती पर तुटली न्हाई, ते.”

पोरगी वाईट नव्हती. तिनं त्याला आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग खाली बघत म्हणाली, “काका, जो फॉल्ट झालाच नाही, तो सिस्टीमला कसा दिसणार? तुम्ही कधी कळवलंच नाहीत.”

“आता सांगतो की.”

आणि त्यानं खरंच सांगायला सुरुवात केली. मायणीकडची विहीर, हायस्कूलचं कुंपण, देवळाचा सभामंडप, एकेक करून. ती सगळं ऐकत होती, मान हलवत होती. लिहून मात्र काहीच घेत नव्हती. ते दिसलं तेव्हा तो मध्येच थांबला.

परतीच्या एसटीत त्याला काही सुचेना. पोरगा पुण्यात, त्याचा संसार त्यालाच जड. भावांच्या मेंढरांमागं जावं, तर इतक्या वर्षांनी त्यांच्या तळावर पाहुण्यासारखं उभं राहावं लागणार. बनाबाईला तर त्यानं अजून सांगितलंच नव्हतं. ती आळीत कौतुक सांगत फिरत होती. आपल्याला एक फॉल्ट पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. एक तुटली की रेघ लाल होईल, आणि ही वाट माहीत असलेल्या माणसाची त्यांना गरज पडेल. नोकरीच्या सुरुवातीला केबल तुटली की अर्ध्या तालुक्याचे फोन मुके व्हायचे आणि लालासाहेब ओरडायचे, “कोंडीबा, पळ!” ते ओरडणं ऐकायला त्याचा जीव आसुसला होता.

अखेर दगड निघाला. त्यानं तो बाभळीच्या जाळीत ढकलला, खड्ड्यात माती लोटली आणि पायानं दाबली. तेवढ्यात रस्त्यावर धनाजीचा जेसीबी आला. पाण्याच्या पाइपलाइनसाठी इथून चर काढायची होती. ती खबर नारळवाल्याकडूनच मिळाली होती.

“आण्णा, तुमी आदीच हजर!” धनाजी केबिनमधून हसला. त्याचा मोबाइल काचेला टेकवून ठेवलेला होता, त्यावर नेटवरून लग्नाच्या गाण्यांचा व्हिडिओ चालला होता. “नारळ बी फुटला न्हाई अजून.”

त्यानं बकेटच्या दातावर नारळ आपटला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि खोबऱ्याचा तुकडा कोंडीबाच्या हातावर ठेवला. कोंडीबानं तो तोंडात घातला, पण गिळवेना.

“बोला. कुठनं खांदू?”

“हितनंच. सरळ घे.”

“आन् लाईन वं?”

“ती न्हाई हितं. पल्याडनं गेलीया.”

धनाजीनं पुन्हा विचारलं नाही. कोंडीबानं सांगितलं म्हणजे संपलं, असंच आजवर चालत आलं होतं.

बकेट खाली आली. पहिल्या घासाला मुरूम निघाला. दुसऱ्या घासाला कोंडीबाच्या गळ्यापर्यंत हाक आली. त्यानं उपरण्याचा बोळा करून तोंडात धरला. तिसऱ्या घासाला मातीबरोबर काळी नळी वर आली, ताणली, आणि फाटकन तुटली. आतले बारीक तंतू उन्हात चमकले.

“आरं तिच्या मारी!” धनाजीनं मशीन थांबवलं. “आण्णा, ही काय हाय?”

कोंडीबाचं लक्ष काचेला टेकवलेल्या मोबाइलकडं होतं. आता रेंज जाईल, आता गाणं थांबेल. नवरी बोहल्यावर चढली, अक्षता पडल्या, करवल्या नाचायला लागल्या. गाणं काही थांबेना. त्यानं घाईघाईनं स्वतःचा फोन काढला आणि घरी लावला. पहिल्याच रिंगला बनाबाईनं उचलला.

“काय वं?”

“काय न्हाई. ऐकू येतंय का?”

“येतंय की चांगलं. जेवायला कवा येताय?”

त्यानं फोन ठेवला. तोच फोन वाजला. त्याला वाटलं, लालासाहेब. पण अंकिता होती.

“काका, तुमच्या पट्ट्यात आत्ता फॉल्ट दिसतोय. खरंच तुटलीय का?”

“व्हय, व्हय, तुटलीया! जेसीबीनं तोडली,” तो जवळजवळ ओरडलाच. “म्या हितंच हाय म्याडम. हालत न्हाई हितनं. माणसं धाडा. समदं बंद पडलं आसंल!”

“नाही हो, काहीच बंद पडलेलं नाही. आता नवी रिंग सुरू झालीय ना, केबलचं गोल कडं. इकडून तुटलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं कराडकडून फिरून यायला लागतं. कुणाला पत्ताही लागला नाही.” तिचा आवाज आनंदानं भरून आला होता. “खरं सांगू का, आमचं सगळं कॉम्प्युटरवरच जमलेलं होतं. खरी केबल तुटल्यावर काय होईल, याची मला धाकधूक होती. लालासाहेब म्हणत होते की तुमच्यासारखी एकदोन माणसं तरी ठेवूया, नुसत्या यंत्रावर भरवसा नको. आता तीही शंका राहिली नाही.”

कोंडीबानं तुटलेल्या टोकाकडं पाहिलं.

“काका? ऐकताय ना?”

“जी.”

“उन्हात थांबू नका. जोडणारे उद्यापरवा येतील निवांत. घाई काहीच नाही. तुम्ही घरी जा.”

फोन बंद झाला, तरी त्यानं तो कानाला तसाच धरून ठेवला. धनाजी खाली उतरून जवळ आला होता.

“लय बोललं का सायेब?”

“न्हाई,” कोंडीबा म्हणाला. “घरी जा म्हनत्यात.”

धनाजीनं केबलचं टोक उचलून पाहिलं आणि हळूच मातीवर ठेवलं. दगडाच्या पिवळ्या रंगाचे पोपडे चिकटलेले कोंडीबाचे हात त्याला दिसले असावेत. त्याच्या नजरेत राग असता, तर कोंडीबाला ते सोपं गेलं असतं.

“धना,” कोंडीबा म्हणाला, “म्होरं बांधापस्तोर लाईन डाव्या अंगानं जाती. तू उजवीकडनं घे. तिथं काय न्हाई. आईच्यान.”

“व्हय, आण्णा,” धनाजी मान हलवून म्हणाला. मग तो केबिनमागं गेला, कुदळ काढली, आणि उजव्या बाजूची माती हातानं, जपून उकरून पाहू लागला.