थरथरणारी गाडी आणि तापलेला विळा

कोराडी रोडवरच्या त्या अंगणात अख्खी गल्ली लोटली होती. मधोमध दिवंगत भैयाजींची जुनी गाडी, बॉनेटवर हळदकुंकू, वायपरला लिंबं. ही गाडी उभ्या उभ्या थरथरायची, आणि नेमकी भैयाजींची तीन वर्षांची नात श्वेता आत बसली की! घरातल्या सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

स्वतःची दाढ नागपुरातल्या सदर भागातल्या डॉक्टरकडून भरून घेणारे गिरिधर महाराज सायलेन्सरला कान लावून बसले होते.

"भैयाजी बोलून राहिले," ते म्हणाले. "म्हणतात, माह्या गाडीत हे कोन बसली?"

"अवं माय!" भैयाजींच्या पत्नी शोभाताईंनी पदर तोंडाला लावला.

चेला मोहितनं स्टिअरिंगवर बसून इंजिन सुरू केलं. शेजारच्या सीटवर शोभाताई बसल्या, गाडी शांत. त्यांचा मुलगा दुर्गेश बसला, शांत. श्वेताला बसवलं मात्र, गाडीला हुडहुडी भरली. आरसे खडखडले, लिंबं नाचली, बायकांचे हात जोडले गेले.

"पोरीवर सावट हाय. बेंबीपाशी डागा द्या लागते. विळा तापवा."

"अहो, वेड लागलं का तुम्हाले?" श्वेताची आई सोनिका नवऱ्यावर ओरडली.

"चूप बस वं! तिच्याच भल्यासाठी हाय," म्हणत दुर्गेशनं लेकीला उचलून तिचे पाय धरले. शेजारच्या पुष्पलताबाई फ्रॉक वर करायला पुढे सरसावल्या. शोभाताई विळा तापवायला चुलीकडे गेल्या.

सोनिकाची नजर मात्र गाडीवरच होती. आई झाल्यापासून तिला सगळं बारकाईनं पाहत राहण्याचीच सवय. श्वेता बसताच मोहितचा हात डॅशबोर्डकडे गेला होता. टक् झालं, पंखा घोंगावला, मग थरथर; पोरीला उचलताच पुन्हा टक्, आणि गाडी शांत. एसी! या घरात एसी लागायचा कोणासाठी? पेट्रोल जळतं म्हणून शोभाताई कुणालाच लावू देत नसत. फक्त घामोळ्यांनी रडणाऱ्या श्वेतासाठी लागायचा.

"थांबा! महाराज, आधी तुम्ही बसा. तुमच्या पुण्याईनं गाडी झोपूनच जाईन."

"मी? मी काहून?"

"बसा, महाराज, बसा!" गर्दीनंच ढकललं. सोनिकानं मोहितला बाहेर ओढलं आणि बटण दाबलं. महाराज दाढीसकट हलू लागले. बटण बंद, शांत. पुन्हा दाबलं, पुन्हा माळा खुळखुळल्या.

"पाहा गा, भैयाजी महाराजांवरच भडकले!" कुणीतरी खिदळलं.

एसी तसाच चालू ठेवून तिनं बॉनेट उघडलं. इंजिनाला जोडलेली एक रबरी नळी चिरली होती, फुसफुसत हवा ओढत होती. तिनं चिरेवर बोट दाबलं. थरथर ओसरली.

"इथून फालतू हवा शिरते. इंजिन अशक्त होते. त्यात एसीचं ओझं पडलं की धापा टाकते. भूत इतकंच."

"डागा यालेच द्या!" पुष्पलताबाई किंचाळल्या. गर्दीची तोंडं तीच, फक्त पोट दुसरं हवं होतं. महाराज गाडीच्या सीटवर अंग चोरून रडू लागले.

सोनिकानं शोभाताईंच्या हातचा विळा हिसकावून बादलीत टाकला. चर्र झालं. "याले पोलीस पाहतीन. डागा कोनालेच नाही."

दुर्गेशनं हसत लेकीपुढे हात केले. "ये बेटा." श्वेता मागे सरकली आणि तिनं दोन्ही मुठींनी फ्रॉक पोटाशी घट्ट धरला.

गाडी थरथरली तर बॉनेट उघडावं, बाबांनो. लेकराचा फ्रॉक नाही.