मेणकापडाचं पथ्य

सकाळी साडेसातला डबा भरताना आपले हात ज्या वेगानं चालतात, त्या वेगानं आपलं डोकं चालत नाही. हे कुणाला सांगायला नको! एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात सुरी, तोंडात रबरबँड, आणि पायाशी एक चार वर्षांची बया "मला निळाच मोजा हवा" म्हणून फतकल मारून बसलेली.

या घरातल्या बयेला सगळे ढमी म्हणत, आणि म्हणून तिच्या आईला ढमीची आई. चष्म्याच्या दुकानात काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. तिथं केसाएवढी चूक झाली, तरी गिऱ्हाईक काच परत घेऊन येतं. डब्यातली चूक अशी परत घेता येत नाही, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

ढमी ज्या पाळणाघरात जायची तिथं बारा मुलं होती. रोज बारा डबे उघडले जात आणि कचऱ्याच्या टोपलीत प्लास्टिकच्या पिशव्यांचा डोंगर व्हायचा. तो डोंगर ढमीच्या आईनं हटवला होता. एका सुट्टीच्या दिवशी तिनं सगळ्या पालकांना बोलावलं आणि मेणकापड करायला शिकवलं.

"मेणकापड? म्हणजे बाळाच्या दुपट्याखाली घालतात ते?" कुणीतरी विचारलं आणि सगळे खो खो हसले.

"ते रबराचं हो! हे खऱ्या मेणाचं, मधमाश्यांच्या." तिनं सुती कापडाचा चौकोन पसरला, त्यावर मेण किसून टाकलं, वरखाली कागद ठेवून इस्त्री फिरवली. मेण कापडात मुरलं. गार झाल्यावर तिनं ते एका वाटीवर ठेवून हाताच्या उबेनं दाबलं, तर ते झाकणासारखं घट्ट बसलं. "धुवा, वाळवा, पुन्हा वापरा. वर्षभर टिकतं. फक्त गरम पाणी नको, ऊन नको, गरम पदार्थ नको. मेण वितळतं. बाकी काही नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाराही घरांत मेणकापडं गेली. पुढचे दोन महिने टोपली जवळजवळ रिकामी राहिली.

आणि मग एका मंगळवारी ढमीला उलट्या सुरू झाल्या.

बुधवारी तिला ताप होता, गुरुवारी ती जरा हसली. पण तिच्या शेजारी बसून जेवणारी टिकली, अडीच वर्षांची, मुठीएवढी पोर, दवाखान्यात होती. सलाइन लावायला तिच्या हाताची शीर सापडत नव्हती म्हणे. ढमीची आई भेटायला गेली, तेव्हा टिकली भिंतीकडे तोंड करून निपचित पडली होती. रडतसुद्धा नव्हती. रडणारं मूल परवडलं हो!

बाहेर टिकलीची आई बाकावर बसली होती. डोळे सुजलेले.

"तपासणीचा कागद आला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, कच्च्या कोंबडीवर असतात तसले जंतू आहेत. दुसरं कुठून येणार? त्या आक्कांचंच सोमवारचं कोंबडीचं सूप! अर्धकच्चं शिजवलं असेल त्यांनी. शनिवारी बैठक आहे. त्यांना काढायचं ठरलंय."

आक्का म्हणजे पाळणाघरात स्वयंपाक करणाऱ्या, भरवणाऱ्या, झोपवणाऱ्या बाई. बाराही पोरांच्या शेंबडापासून हट्टापर्यंत सगळं त्यांच्याच पदरात.

"सूप तर बाराही जणांनी प्यायलं होतं," ढमीच्या आईच्या तोंडून निघून गेलं.

"मग?"

"नाही... काही नाही."

पण काहीतरी होतं. आजारी पडल्या त्या दोघीच, शेजारी शेजारी बसणाऱ्या, एकमेकींच्या डब्यातलं खाणाऱ्या. घरी पोचल्या पोचल्या ती स्वयंपाकघरात गेली. तिनं ओट्याजवळचा खण उघडला. ठिपक्याठिपक्यांचं मेणकापड नीट घडी करून ठेवलेलं होतं. त्याच्याकडे बघताना तिला रविवार आठवला. कोंबडीचे अर्धे तुकडे उरले होते, सगळे डबे घासायला पडले होते, आणि तिनं ते कच्चे तुकडे या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले होते. सोमवारी सकाळी कापड गार पाण्यानं धुतलं, झटकलं, आणि त्यातच ढमीचे पावाचे तुकडे बांधले.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. तिनं नवऱ्याला फोन लावला, आणि तो ठेवल्यावरही ती खणाला धरून उभीच राहिली.

"काय गं, साप दिसला की काय?" मागून आत्या म्हणाल्या. या तिच्या नवऱ्याच्या आत्या; मोठ्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमटे उकळण्याच्या खात्यात तीस वर्षं काढून आता यांच्याकडे राहत होत्या.

तिनं सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कशानं धुतलं होतंस?"

"गार पाण्यानं. साबण लावून."

"गरम पाण्यानं का नाही?"

"मेण वितळतं ना, आत्या."

"झालं तर! जे कडकडीत पाण्यानं धुता येत नाही, त्यावर कच्चं मांस ठेवायचंच नसतं. ही साधी गोष्ट आहे, पोरी. तुला ठाऊक नव्हती?"

ढमीची आई अगदी हळू म्हणाली, "ठाऊक होती."

"काय?"

"मेणाबरोबर कागद आला होता. त्यात लिहिलं होतं, कच्चं मांस, मासळी ठेवू नये. मी वाचलं होतं. पण शिकवताना मीच ती ओळ गाळली. म्हटलं, एवढी पथ्यं सांगत बसले तर कोण वापरेल? लोक बिचकतील. आणि मग... मग घाईत मीच विसरले."

ढमी आतल्या खोलीत बाहुलीचा ताप मोजत होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"आत्ताच फोन केला. ते म्हणाले, पुरावा काय? मुद्दाम केलंस का? मग गप्प राहा."

"वा रे वा! आमच्याच घरचं रत्न." आत्यांनी कपाळाला हात लावला. "आता नीट ऐक. शनिवारी आक्का गेल्या, की सगळे म्हणतील, गेली पीडा. आणि कापडं तशीच चालू राहतील. बारा घरांत आहेत ना ती? मग पुढचं पोर कुणाचं?"

हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. तिला फक्त स्वतःची भीती वाटत होती. आता त्या भीतीला बारा तोंडं फुटली.

"मला टिकलीच्या आईकडे बघवणार नाही, आत्या."

"नाही बघवणार. कुणी सांगितलं सोपं आहे म्हणून? पण भ्यायचंच असेल, तर लेकरांसाठी भी. अब्रूसाठी भ्यायला सगळा जन्म पडलाय."

तरी शुक्रवार तिनं गप्प राहूनच काढला. दुकानात दोनदा उलटी काच बसवली. फोन वाजला की दचकायची. टिकलीचं काही... नको नको, तो विचारसुद्धा नको!

शनिवारी अकरा वाजता पाळणाघरात बैठक भरली. पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. एरवी याच दृश्यावर हशा पिकला असता. शेजारच्या खोलीत मुलं होती, आणि आक्काही. काढायचं ठरलेल्या बाईलाच आज मुलांना जेवायला घालायला सांगितलं होतं, कारण दुसरं घालणार कोण?

"टिकली आज थोडं पाणी प्यायली," पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी सुरुवात केली. "पण झाला प्रकार भयंकर आहे. आक्कांच्या बाबतीत आपण—"

"आक्कांचा काही संबंध नाही."

ढमीची आई उभी राहिली होती. तिनं सांगितलं. कच्चे तुकडे, गार पाणी, पाव. आणि ती गाळलेली ओळसुद्धा. शेवटी म्हणाली, "तुमच्या घरातल्या कापडात कधी कच्चं मांस किंवा मासळी ठेवली असेल, तर ते कापड आजच टाकून द्या. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

टिकलीची आई ताडकन उठली. "माझी पोर तिथं सलाइनवर पडलीय आणि तुम्ही दोन दिवस तोंड शिवून बसलात!"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात कोपऱ्यातला एक माणूस हळूहळू उभा राहिला. तो बसचालक होता, ड्यूटीवरून तसाच गणवेशात आलेला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काल मासळी आणली होती," तो म्हणाला. "त्याच कापडात ठेवली होती फ्रीजमध्ये. सकाळी गार पाण्यानं धुतलं, आणि आमच्या छोट्याचा पाव..."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. जेवणाची वेळ!

खुर्ची उलटली. तो धावला, त्याच्यामागे ढमीची आई, तिच्यामागे सगळे. शेजारच्या खोलीत मुलं ओळीनं बसली होती. डबे उघडले होते. छोट्यानं कापड सोडून पाव हातात घेतला होता आणि आ वासला होता.

"आक्का! थांबवा!"

आक्कांनी काय, कशाला, काही विचारलं नाही. एका झटक्यात पाव त्याच्या हातातून काढून घेतला. "खाल्लंस का रे, राजा? तोंड दाखव बघू." तोंड रिकामं होतं. बसचालक तिथंच फरशीवर बसला आणि पोराला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडू लागला. ढमीच्या आईनं आक्कांना साबणाचं पाणी दिलं, छोट्याचे हात दोनदा धुतले.

आक्कांना सगळं सांगून झाल्यावर पाळणाघराच्या बाई पुढे झाल्या. "आक्का, आम्ही चुकलो. चौकशी न करताच तुमच्यावर खापर फोडलं."

"ते सावकाश बोलू," आक्का म्हणाल्या. "आधी या पोराला काय खायला द्यायचं ते सांगा. भुकेनं कळवळलंय ते."

टिकली पुढच्या बुधवारी घरी आली. तिची आई ढमीच्या आईशी बरेच दिवस बोलली नाही, आणि ढमीच्या आईनंही माफीची घाई केली नाही. बाराही घरांतली जुनी कापडं बाद झाली. नवी करण्याआधी तिनं पथ्याचा कागद प्रत्येकाला मोठ्यानं वाचायला लावला: कच्चं मांस, मासळी कधीही नाही, त्यासाठी उकळता येणारं भांडं, गार पाणी आणि सौम्य साबण, सावलीत वाळवणं, तडे गेले तर पुन्हा मेण आणि इस्त्री, कुबट वास आला तर मोह न धरता टाकून देणं. दोघांनी कापड नकोच म्हटलं आणि घरून स्टीलच्या डब्या आणल्या. तिला त्याचंही वाईट वाटलं नाही.

बायांनो आणि बाप्यांनो, चांगली सवय आपण जरूर लावून घ्यावी, शेजाऱ्यालाही लावावी. पण तिचं कौतुक जेवढ्या आवाजात करतो, तेवढ्याच आवाजात तिचं पथ्यही सांगावं. लोक बिचकतील म्हणून गाळलेली एक ओळ एखाद्या लेकराच्या जिवावर बेतू शकते. आणि चूक झालीच, तर ती कबूल करायला उद्याची वाट बघू नये. एखादं लेकरू आजच डबा उघडून बसलेलं असतं.