भाऊसोंचं डायनासोर पार्क

फुलेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायला येऊन भाऊसोंना सात महिने झाले होते. बिद्रीला साखर कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलेला हा माणूस न्हाणीत घसरला आणि खुबा मोडून बसला. लेक प्रीती त्यांना आपल्याकडं घेऊन आली. इमारतीला लिफ्ट नव्हती. एकदा काठी टेकत ते जिन्यापाशी गेले, तोल गेला, शेजारणीनं धरलं म्हणून वाचले. तेव्हापासून शाळेत शिकवायला जाताना प्रीती दाराला बाहेरून कुलूप लावायची.

नातू प्रसेनजीत पुण्याला शिकायला गेला, तेव्हा जुना लॅपटॉप आजोबांना देऊन गेला. त्यातला एक गेमही त्यानं शिकवला होता. डायनासोरचं पार्क चालवायचं. कुंपणं घालायची, जनावरं सांभाळायची, बघायला येणाऱ्या पावण्यांची सोय करायची. भाऊसोंच्या पार्कात एक तीन शिंगांची मादी होती. खायला मुबलक, प्यायला तळं, तरी ती सारखी कुंपणाला धडका द्यायची. भाऊसोंनी कुंपण दुप्पट जाड केलं. धडका थांबेनात.

"हिला जागा कमी पडती," ते रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाले.

मग त्यांनी हॉटेल पाडलं, दुकानं पाडली, रस्ते उखडले. कुंपण मागं मागं सरकवत पार डोंगरापर्यंत नेलं.

संध्याकाळी प्रीतीनं ते बघितलं. "आप्पा, सगळंच पाडलासा? पार्कात एक माणूस न्हाय की!"

"नसू दे. ती आता धडकत न्हाय, बघ."

मादी सावकाश डोंगर चढत होती. दोघं बघत राहिले.

"प्रीती, उद्या कुलूप लावू नको."

"आणि जिन्यावरनं पडलासा तर?"

"पडंन की. पण माझा मी पडंन."

प्रीती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी दार ओढल्याचा आवाज आला, कुलपाचा आला नाही. भाऊसोंनी चप्पल घातली आणि दार उघडलं. काठी पहिल्या पायरीवर टेकवली. पाय मात्र उचलेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. शेवटी भिंतीला धरून ते उंबऱ्यावर बसले. खाली कुणाचीतरी स्कूटर सुरू झाली, लांब गेली.

दुपारी प्रीती जिना चढून आली आणि थबकली.

"कवापासनं बसलाय?"

"सकाळधरनं. दार उघडं हुतं गं. तरी न्हाय जमलं."

प्रीतीनं पर्स बाजूला ठेवली आणि ती त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली. "रविवारी बसत बसत उतरूया. मी खालच्या पायरीवर थांबते."

जिना जिथं वळून दिसेनासा होत होता, तिकडंच भाऊसो बघत राहिले.