आतली कडी

"आई, तुमच्या निवाऱ्यात एकाही दाराला आतून कडी का नाही?"

हा प्रश्न भर मीटिंगमध्ये विचारायची पैज माझ्या दोन मैत्रिणींनी, चष्मिसने आणि ठेंगणीने, लावली होती, आणि मी पैजेतून मागे हटत नाही. निदान या वर्षापासून तरी. घरून मार खाऊन निघालेल्या बायका त्या निवाऱ्यात राहतात आणि आमची शाळा आम्हाला दर शनिवारी तिथे समाजसेवेला पाठवते. पहिल्याच शनिवारी चष्मिस बाथरूमला गेली, तर ठेंगणीला बाहेर दार धरून उभं राहावं लागलं. दहावीतल्या मुली आम्ही, आणि ही आमची समाजसेवा.

मीटिंग आमच्याच घरी होती. आई समितीची अध्यक्ष.

"अगं, या बायका आत कोंडून घेतात," सचिव असलेल्या वकीलकाकू म्हणाल्या. "मग काहीबाही करून घेतात. जबाबदारी कुणावर येते?"

"बाहेरून तर कड्या आहेत की."

"त्या सुरक्षेसाठी."

"कुणाच्या?"

"कप उचल," आई म्हणाली.

समिती म्हणजे सात बायका. सातही जणींच्या बेडरूमला आतून कडी आहे, हे मी पैजेवर सांगते. निवाऱ्याच्या ऑफिसात त्यांनी एक फळा टांगलाय, 'जोडलेली घरे : ४९'. एखादी बाई नवऱ्याकडे परत गेली की आकडा एकने वाढतो. तिथे तिचं पुढे काय होतं, त्याचा फळा नाही. वार्षिक समारंभ पंधरा दिवसांवर आला होता आणि समितीला पन्नास हवे होते. पन्नासावी म्हणून त्यांनी शिवणताईला हेरलं होतं.

शिवणताई एका गॅरेजवाल्याची बायको. निवाऱ्यात आली तेव्हा तिच्याकडे एक कात्री आणि अंगावरचे कपडे होते. तिने मला काजं करायला शिकवलं. माझं पहिलं काज बघून म्हणाली, "यातून बटण काय, म्हैस जाईल."

मीटिंगमध्ये उत्तर मिळालं नाही, म्हणून पुढच्या शनिवारी मी बाबांच्या हत्यारपेटीतून एक कडी, चार स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर उचलला आणि शिवणखोलीच्या दाराला कडी लावली. आतून. शिवणताईने दार धरलं.

"तिरकी बसली," मी म्हटलं.

"बसली ना?" ती म्हणाली. तिने ती सात-आठ वेळा लावून पाहिली, उघडून पाहिली, आणि मशीनवर जाऊन बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा दाराकडे पाठ करून शिवत होती.

त्याच्या पुढच्या शनिवारी गॅरेजवाल्याला बोलावलं. समितीची एक पद्धत आहे. नवरा-बायकोला भेटीच्या खोलीत दहा मिनिटं एकटं सोडायचं, दार बाहेरून लावायचं आणि समितीने व्हरांड्यात चहा घ्यायचा. या पद्धतीचा त्यांना फार अभिमान आहे. 'मनं मोकळी होतात', असं त्यांच्या अहवालात छापलंय.

भेटीच्या खोलीच्या आणि शिवणखोलीच्या मधे कपडे द्यायघ्यायची छोटी खिडकी आहे, ते मात्र मनं मोकळी करणाऱ्या बायकांच्या लक्षात राहिलं नाही. मी आत बटणं लावत होते.

गॅरेजवाल्याने बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला. शिवणताईचा उजवा हात हातात घेतला. "घरी सगळे वाट बघतायत गं," तो अगदी गोड आवाजात म्हणाला आणि तिचं पहिलं बोट मागे वाकवत गेला. शिवणाऱ्या हाताचं बोट. कट् असा आवाज आला. ती ओरडली नाही. त्याने बोट सोडलं आणि पुडा फोडला.

दार उघडलं. "झालं ना बोलून?" आई हसत म्हणाली. वकीलकाकूंनी रजिस्टरात 'स्वखुशीने परत' आधीच लिहून आणलं होतं. फक्त सही राहिली होती.

मी धावत तिकडे गेले. "आई, त्याने तिचं बोट मोडलं. मी खिडकीतून पाहिलं."

"पोरगी पिक्चर फार बघते वाटतं," गॅरेजवाला म्हणाला.

"मशीनखाली आलं असेल," आई म्हणाली. हे ती शिवणताईच्या हाताकडे न बघता म्हणाली. माझ्या आईबद्दल मला याहून वाईट काही सांगता येणार नाही.

शिवणताई उठली, माझा दंड धरला, मला शिवणखोलीत नेलं आणि कडी लावली.

बाहेर दार वाजायला लागलं. "वेडेपणा करू नकोस. आम्ही तुझ्या भल्यासाठीच आहोत ना?" अख्खी समिती एका तिरक्या कडीपुढे उभी होती, आणि कडी हलत नव्हती.

"पोलिसांत गेले," शिवणताई मला हळूच म्हणाली, "तर या सगळ्या सांगतील, मी खुशीने निघाले होते. तू पाहिलंस ते सांगशील? नाही म्हणालीस तरी रागवणार नाही. पण मग मी सही करते बाई. एकटीने रेटायची ताकद नाही राहिली."

मला लगेच हो म्हणता आलं नाही. सांगायचं तर आईविरुद्धच सांगायचं होतं.

दार उघडत नाही म्हटल्यावर आईने गॅरेजवाल्याला "उद्या दहाला या, सही होईल" म्हणून परत पाठवलं. मग आम्ही कडी काढली आणि चष्मिसने आत येऊन कंपासपेटीतली पट्टी लावून शिवणताईचं बोट बांधलं. समितीतल्या एकीलाही ते सुचलं नाही. त्या उरलेला चहा संपवत होत्या.

संध्याकाळी जेवताना आई बाबांना सांगत होती, "पन्नासावं घर थोडक्यात अडलंय. उद्या होईल."

"छान," बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. बाबा घरात कशालाही छानच म्हणतात.

मी ताट सरकवलं.

"उद्या नऊला मी शिवणताईबरोबर जाणार आहे, तिला तसं सांगून आलेय. आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं. मी पाहिलं ते सगळं सांगणार. दार बाहेरून कुणी लावलं होतं, तेही."

"आईचं नाव येईल त्यात," बाबांनी पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

"येईल. बरोबर कुणीतरी मोठं लागतं म्हणून मी आमच्या शाळेतल्या बाईंना फोन केलाय, त्या येतायत. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर पावणेनऊला तयार राहा. मी थांबणार नाही."