भाऊंना रानशेतला सोडायला गेलो

साल २०२२. दिवाळी नुकतीच आटोपली होती. मला जुन्या गोष्टी चांगल्या आठवतात, अगदी आमच्या गावी, वेवजीच्या शाळेत माझ्या शेजारी कोण बसायचं तेही. पण त्या दिवसाबद्दल माझा अजून गोंधळ आहे.

भाऊ म्हणजे माझे वडील. ब्याण्णव वर्षांचे निवृत्त हेडमास्तर, काठीशिवाय ताठ चालणारे. मन मात्र कधी आजमध्ये, कधी साठ वर्षं मागे. माझे यजमान गेल्यापासून डहाणूच्या घरात आम्ही दोघंच. एकदा भाऊ न्हाणीत घसरत होते, त्यांना सावरताना मीच पडले आणि माझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, यापुढे यांना तुम्ही सांभाळू शकणार नाही. माझा मुलगा गौरव वापीला नोकरीला. त्याने आणि सूनबाई रुचिताने रानशेतजवळच्या चिकूच्या वाडीतलं एक वृद्धनिवास शोधलं. तिथली अट एकच होती, येणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने ‘राहतो’ म्हणायचं. भाऊ नाही म्हणाले असते तर पुढे काय, हे आम्हाला कुणालाच सुचत नव्हतं.

गौरवच्या गाडीतून भाऊ आधी उतरले, मी वॉकर धरून मागून. व्यवस्थापक दक्षाबेन सरळ माझ्याकडे आल्या.

“आवो मासी, हळू. खोली खालीच ठेवलीय तुमची.”

“मी नाही, हे राहणार आहेत,” मी म्हटलं.

“हे? हे तर तुमच्यापेक्षा जवान दिसतात.”

भाऊ खूश झाले. “मी हिचा वडील. हिला सोडायला आलोय. रेक्टर तुम्हीच का?”

ते कुठे पोचलेत ते मला कळलं. मी आठवीत गेले तेव्हा असंच वेवजीहून एसटीने, माझी ट्रंक खांद्यावर घेऊन त्यांनी मला डहाणूच्या वसतिगृहात सोडलं होतं. गौरव माझ्या कानाशी म्हणाला, “बोलू दे त्यांना.”

भाऊंनी खोली तपासली. गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाण्याचा वास घेतला.

“मासळी कितीदा देता?”

“काका, इथे प्युअर व्हेज.”

“मग ही कशी राहील? हिला सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नाही.”

बोंबलाशिवाय घास उतरत नव्हता तो खरं तर त्यांनाच. चादर घालणारी नवशी हसली. “बाबा, माझ्या डब्यात असतात. ताईंना देईन गुपचूप.”

“बघ सुधे, झाली सोय.”

दक्षाबेननी मला बाजूला घेतलं. “बेन, काकांनी स्वतः हो म्हटलं पाहिजे. मागे एका मुलाने बापाला जबरदस्तीने ठेवलं, तर ते काका कुंपण चढून गेले. हायवेवर चारोटीला चहा पिताना सापडले.” मग त्यांनी भाऊंनाच विचारलं, “काका, इथे राहणार ना?”

“मी कशाला? उद्या शाळा आहे. तलासरीची गाडी गाठायचीय.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “रडायचं नाही. पत्र टाकत जा.”

गौरव खुर्चीत बसून राहिला. तेव्हा माझं लक्ष गेलं, खोलीत पलंग दोन होते.

“दोन कशाला रे?”

“तू भेटायला आलीस तर आडवी व्हायला,” तो मोबाईलकडे बघत म्हणाला.

दोन्ही पलंगांवर नव्या चादरी, दोन्हीकडे पाण्याचा तांब्या. भाऊ दाराकडे निघाले होते. मी त्यांची बाही धरली.

“भाऊ, मला इथे भीती वाटते. मला करमेपर्यंत तुम्ही राहा ना.”

हे त्यांच्यासाठी केलेलं नाटक होतं की मला खरंच भीती वाटत होती, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वसतिगृहाच्या दारात हेच म्हणायचं होतं, तेव्हा तोंड उघडलं नव्हतं.

भाऊ दारातून मागे वळले. “रेक्टर, पालकांना राहता येतं का?”

“येतं ना.”

“मग राहतो. हिला करमलं की जाईन.”

दक्षाबेननी माझ्याकडे पाहिलं, मी गौरवकडे. “बोलले ना? चालेल,” त्या म्हणाल्या. गौरवने गाडीतून सामान आणलं. भाऊंच्या बॅगेबरोबर रुचिताने भरलेली माझीही एक बॅग होती. मला ती सकाळी दिसली नव्हती.

“दोन-चार दिवस राहा आई, मग नेतो,” म्हणून तो निघून गेला.

पण रोज सकाळी भाऊ विचारत, “करमलं का?” हो म्हटलं असतं तर ते वेवजीला निघाले असते. म्हणून मी म्हणायची, “अजून नाही.” हे रोज म्हणता म्हणता, मला तिथे खरंच करमतंय की नाही, ते माझं मलाच कळेनासं झालं.

भाऊ २०२४च्या उन्हाळ्यात गेले, दुपारी जेवून आडवे झाले असताना. दक्षाबेन आता मुलीकडे वलसाडला असतात, अधूनमधून फोन करतात. नवशी लग्न करून कासाला गेली. गौरव-रुचिताने वापीला मोठा फ्लॅट घेतला. एक खोली माझी, असं दोघंही म्हणतात. मी अजून इथेच आहे. समोरच्या पलंगावर उंबरगावच्या एक बाई आल्यात, त्या झोपेत बडबडतात.

गौरव म्हणतो, आई, तूच हट्टाने राहिलीस. रुचिता एकदा बोलून गेली की खोली पहिल्यापासून दोघांची ठरली होती. मला यातलं काहीच नीट आठवत नाही.